कारंजाच्या चार वेशींच्या आत

वाचकहो, कारंजाला तुम्ही कितीदा गेला असाल बरे? आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या, त्यातही मानोरा-मंगरूळपीरकडच्या कास्तकाराला हा प्रश्न विचारला, तर तो हसेल. सोयाबीन विकायला, तूर विकायला, बियाणे आणायला, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला, नाही तर गुरुवारी श्रीगुरूंच्या दर्शनाला अशा एक ना अनेक कामांनी वर्षातून चार-सहा खेपा होतातच. पण मी जर विचारले, "कारंजा पाहिले का?" तर बहुतेकांना उत्तरापूर्वी थोडे थांबावे लागेल.

आपले जाणे कसे असते ते आपल्याला ठाऊकच आहे. एस. टी.तून उतरायचे, काम उरकायचे, कपभर चहा घ्यायचा आणि परतीची गाडी धरायची. बाजार समितीचे आवार पाहिले, देऊळ पाहिले, की कारंजा झाले! त्यातच आता समृद्धी महामार्ग कारंजाजवळून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हापासून मोटारी गावाकडे न पाहताच भरधाव निघून जातात. म्हणून आज तुम्हांला जुन्या कारंजात, म्हणजे चार वेशींच्या आतल्या गावात घेऊन जावे, असे मनात आहे. एका दिवसाचे काम आहे. खर्च एस. टी.च्या तिकिटाचा. शिदोरी घरूनच बांधून घ्या.

आधी एक सांगून ठेवतो. महाराष्ट्रात कारंजा नावाची गावे एकाहून अधिक आहेत. वर्धा जिल्ह्यातले ते कारंजा घाडगे. आपले ते कारंजा लाड. एस. टी.ची पाटी वाचूनच गाडीत बसा. पूर्वी लाटदेशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेकडून, लाड व्यापारी येऊन येथे स्थायिक झाले, त्यांच्यावरून हे नाव पडले असे मानतात. वाशिमकडच्यांनी मंगरूळपीरवरून यावे. आगगाडीने येणाऱ्यांनी मुंबई-हावडा मार्गावरच्या मूर्तिजापूरला उतरून पुढे एस. टी. घ्यावी. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे उन्हाच्या आधी बरेचसे फिरून होते. उन्हाळ्यात तर या भागी दुपारी बाहेर पडूच नये.

पाहायला सुरुवात कोठून करावी? माझा सल्ला असा, की सुरुवात वेशीपासून करावी. जुन्या कारंजाभोवती तट होता आणि त्या तटाला चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. तट आता शोधावा लागतो, पण वेशींची नावे अजून प्रत्येकाच्या तोंडी आहेत. कोणालाही पत्ता विचारा, तो "अमक्या वेशीजवळ" असेच सांगेल.

या नावांकडे जरा लक्ष द्या. ज्या गावाकडे वाट जाते, त्या गावाचे नाव वेशीला द्यायचे अशी जुनी रीत. दारव्हा हे शेजारचे गाव, आज यवतमाळ जिल्ह्यात. मंगरूळ म्हणजे दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचे मंगरूळपीर. दिल्ली तर शेकडो कोसांवर! आणि पोहा? पोहा हे कारंजा तालुक्यातलेच एक खेडे. शेतकऱ्यांचे, गुराढोरांचे, तुमच्या-आमच्या गावासारखे गाव. बादशहाच्या दिल्लीला एक वेस आणि पोह्यालाही एक वेस!

येथे मला माझ्या वडिलांची आठवण सांगावीच लागेल. आमचे गाव त्याच अंगाचे. वडील वीस-बावीस वर्षे दर हंगामात कापसाची बंडी घेऊन कारंजाला येत. जिनाबाहेर बंड्यांची रांग लागायची. रात्र बंडीखाली पोत्यावर काढायची, बैलांपुढे कडबा टाकायचा आणि सकाळी आपल्या पाळीची वाट पाहायची. काटा झाला, पैसे मिळाले, की घरासाठी गूळ-मीठ, आईसाठी एखादे लुगडे घ्यायचे आणि बैल जुंपायचे. पुढे त्यांचे वय झाले, बंडी मोडली, कापसाच्या वावरात सोयाबीन आले. एकदा मी सहज विचारले, "बाबा, कारंजा आतून कसं आहे?" ते म्हणाले, "मले काय मालूम? आपलं कारंजं म्हंजे जीन अन् काटा!"

त्या उत्तराने मला चुटपुट लागली. ज्या माणसाच्या कापसावर या गावाची बाजारपेठ चालली, त्याने ते गावच पाहिले नव्हते. त्याच दिवाळीनंतर मी त्यांना घेऊन आलो आणि पहिल्यांदा पोहा वेशीशी उभे केले. चारही वेशींची नावे सांगितली. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, वर पाहिले आणि म्हणाले, "पाय बरं! दिल्लीले एक वेस, अन् आपल्या पोह्यालेबी एकच!" पुढे दिवसभर हेच वाक्य त्यांनी चार-पाच जणांना ऐकवले.

वेशीतून आत आलात, की श्रीगुरुमंदिराकडे चला. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचे जन्मस्थान म्हणून कारंजाचे नाव दत्तभक्तांत सर्वदूर आहे. त्यांचा जन्म शके १३००, म्हणजे इ. स. १३७८ चा, असे परंपरा मानते. आज जे मंदिर आपण पाहतो ते मात्र फार जुने नाही. ते १९३४ साली श्रीब्रह्मानंदसरस्वती स्वामींच्या पुढाकाराने उभे राहिले. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही स्वामींची पुढली स्थाने. तेथे जाऊन आलेली माणसे आपल्या भागात पुष्कळ भेटतात, पण त्यांतल्या कित्येकांनी उशाशी असलेले कारंजा नीट पाहिलेले नसते.

मंदिरात दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका. गावात स्वामींचा जन्म जेथे झाला तो वाडा दाखवतात, तेथेही जा. घरातल्या बायामाणसांनी तर जावेच, कारण तेथे देवापेक्षाही एका आईची गोष्ट आठवते. गुरुचरित्रात ती सविस्तर आली आहे. माधव आणि अंबा हे जोडपे. त्यांना मुलगा झाला तो जन्मताच ॐकार म्हणाला. पण नंतर सात वर्षांचा होईपर्यंत दुसरा शब्द बोलेना. मुलगा मुका निघाला म्हणून आईबाप काळजीने झुरू लागले. अखेर त्याने खुणेनेच सुचवले, की माझी मुंज करा. मुंजीत आई पहिली भिक्षा घालायला आली आणि मुलाच्या तोंडून वेद बाहेर पडले. ज्याच्या एका शब्दासाठी ती माउली सात वर्षे थांबली, त्याने पहिले मागणे काय मागितले? तर घर सोडून जाण्याची परवानगी! आईच्या जिवाचे काय झाले असेल ते सांगायला नको. तिला आणखी मुले होईपर्यंत तो थांबला आणि मग काशीच्या वाटेने निघून गेला. बऱ्याच वर्षांनी संन्यासी होऊन तो पुन्हा कारंजाला आला, आईबापांना भेटला आणि परत गेला.

आजही आपल्या गावोगावच्या आया शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेलेल्या पोरांची वाट पाहत असतात. त्या वाड्याशी उभे राहिले, की त्यांना ही गोष्ट सहाशे वर्षांपूर्वीची वाटत नाही. वाड्यात जाताना एवढे ध्यानात ठेवा, की जुन्या गावातल्या अशा जागी माणसे राहत असतात. आधी विचारावे, चपला बाहेर काढाव्यात, मोठ्याने बोलू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

यानंतर जुन्या पेठेतून चाला. गल्ल्या अरुंद आहेत, मोटारसायकलींचा त्रास आहे, लहान मुलांचा हात सोडू नका. पण मान वर करून चाला. जुन्या घरांचे लाकडी खांब, तुळया, दरवाजांवरचे काम अजून काही ठिकाणी दिसते. हे गाव एके काळी किती श्रीमंत होते याचा दाखला इतिहासातच आहे. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्यानंतर ती मोगलांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात शिरली, ती कारंजावर आली. सोने, चांदी, उंची कापड अशी सुमारे एक कोटी रुपयांची लूट चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेली, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. गावातले धनिक खंडणीसाठी धरले गेले. त्यांतला सर्वांत बडा सावकार तेवढा निसटला, आणि तो कसा? तर बाईचा वेष घेऊन! मराठ्यांची फौज बायकांच्या अंगाला हात लावत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. लुटीच्या हकिकतीत लुटणाऱ्याची अब्रू वाढवणारी अशी गोष्ट क्वचितच सापडते.

चार हजार जनावरे! आपल्या गावच्या पोळ्याला किती बैल जमतात ते आठवा, म्हणजे या आकड्याची कल्पना येईल.

या श्रीमंतीची एक लोककथाही गावात सांगतात. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक परदेशी व्यापारी कारंजात आला. एवढी कस्तुरी घेणारा कोणी भेटेना, तेव्हा तो गावाला नावे ठेवत निघाला. हे एका जैन सावकाराच्या कानी गेले. त्याचा वाडा तेव्हा बांधला जात होता. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि भिंतीच्या गाऱ्यात कालवायला लावली. तीच कस्तुरीची हवेली. गोष्ट खरी किती आणि वाढवलेली किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या वडिलांनी मात्र ती ऐकून एवढेच विचारले, "गारा कालवणाऱ्याले मजुरी काय देल्ली असंन?" त्याचे उत्तर गोष्टीत नाही.

आता चला जैन मंदिरांकडे. कारंजा हे दिगंबर जैनांचे फार जुने ठाणे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या या एकाच गावात होत्या आणि तिन्हींची मंदिरे येथे आहेत. जुन्या मंदिरातले लाकडावरचे कोरीवकाम सावकाश पाहा. आत जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. तेथे तसा नेम असतो.

पण या मंदिरांतले खरे धन लाकडात नाही आणि सोन्यातही नाही. ते आहे पोथ्यांत. शेकडो वर्षे येथे हाताने ग्रंथ उतरवून घेतले गेले आणि कापडात बांधून जपले गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या पोथ्यांची नीट यादी झाली. तेव्हा जुन्या अपभ्रंश भाषेतले मोलाचे ग्रंथ कारंजात असल्याचे विद्वानांच्या ध्यानात आले. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या आपल्या भाषा यांच्या मधली पायरी. आपल्या बोलीची पणजीच म्हणा ना! मग कारंजाच्याच नावाने जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांनी पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' छापून प्रसिद्ध केले. १९३३ साली अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्याच कवीचे 'णायकुमारचरिउ' काढले. हा पुष्पदंत हजार वर्षांपूर्वीचा, राष्ट्रकूट राजांच्या काळातला. ज्या ग्रंथांसाठी देशोदेशींचे पंडित आज कारंजाचे नाव घेतात, ते ग्रंथ आपण बस्ता बांधायला जातो त्या पेठेच्या जवळपास पडून होते!

मला या ठिकाणी नेहमी एकच गोष्ट मनात येते. चार हजार जनावरांवर लादून नेलेले धन गेले ते गेले. त्यातले एक नाणे कोठे आहे, कोणाला सांगता येणार नाही. कस्तुरी गाऱ्यात गेली, तिचा वासही आता गोष्टीतच उरला आहे. पोथ्यांना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्यांची किंमत लुटणाऱ्याला दिसत नव्हती. त्या राहिल्या.

आम्ही गेलो त्या दिवशी मंदिरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी एक पोथी सोडून दाखवली. वडिलांना अक्षर येत नव्हते. एके वर्षी एका अडत्याने हातात दिलेली हिशेबाची चिठ्ठी त्यांना वाचता आली नाही आणि मिळाले ते पैसे घेऊन ते घरी आले. पुढे मी शाळेत जाऊ लागलो, तेव्हा तीच जुनी चिठ्ठी आम्ही दोघांनी कंदिलापाशी बसून लावली. कापूस भरला होता त्यापेक्षा बराच कमी मांडला होता. वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझी शाळा त्यांनी कधी चुकू दिली नाही, ऐन वेचणीच्या दिवसांतही नाही. तो माणूस त्या पोथीसमोर हात जोडून उभा राहिला. कोणत्या देवाची पोथी, कोणत्या धर्माची, हे त्यांनी विचारलेच नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतकी वर्सं कोनी जपली रे हे?"

म्हणून माझी शिफारस आहे, की शाळेत जाणारी पोरे असतील तर त्यांना येथे अवश्य आणा. पोथ्या काही दुकानातल्या मालासारख्या मांडून ठेवलेल्या नसतात. त्या दरवेळी पाहायला मिळतीलच असे नाही, आणि त्यासाठी हट्टही धरू नये. पण ही जागा पोरांना दाखवावी. जवळच दुसरे एक शिक्षणाचे ठिकाण आहे, ते महावीर ब्रह्मचर्याश्रम. १९१८ साली सुरू झालेल्या या गुरुकुलात दूरदूरची मुले राहून शिकून गेली.

दुपार झाली असेल. शिदोरी सोडायला ऋषी तलावाकडे जा. करंज नावाचे ऋषी होते, त्यांना मोठी व्याधी जडली, त्यांनी अंबादेवीची आराधना केली आणि देवीने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले. त्यात स्नान करून ते बरे झाले, अशी आख्यायिका आहे. गावाचे नाव याच ऋषींवरून पडले म्हणतात. भाकरी, ठेचा, कांदा काढावा, सावली पाहून बसावे. मात्र कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या तळ्याकाठी टाकू नका. ऋषीची व्याधी घालवणाऱ्या पाण्याला आपण व्याधी लावू नये.

शेवटचे ठिकाण वेशींच्या बाहेरचे आहे, पण ते आपल्या कास्तकारांचे म्हणून सांगतो. ते म्हणजे शकुंतला रेल्वेचे स्टेशन. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी एका विलायती कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी घातली, ती कारंजा-दारव्हा करत जायची. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबई गाठायच्या आणि तेथून विलायतेला जायच्या. पुढे हीच गाडी गरिबांची झाली. एस. टी.पेक्षा किती तरी कमी तिकिटात बाजारकरी, मजूर, लेकुरवाळ्या बाया तीतून जात. १९९४ पर्यंत तिला कोळशाचे इंजिन होते, नंतर डिझेलचे आले. गेली काही वर्षे ती बंद आहे. रूळ मोठे करून ती पुन्हा सुरू व्हावी अशी या भागातली जुनी मागणी आहे.

स्टेशनावर आता पाहायला फारसे काही नाही, हे खरे. आम्ही गेलो तेव्हा वडील तेथे बराच वेळ बसले. मी म्हणालो, "चला बाबा, गाडी चुकंल." ते म्हणाले, "आपला कापूस इथूनच गेला असंन, नाही का?" मी हो म्हणालो. परतीच्या एस. टी.त त्यांनी खिडकीजवळची जागा धरली आणि वेस दृष्टीआड होईपर्यंत बाहेर पाहत राहिले. घरी पोहोचल्यावर आईला त्यांनी आधी पोहा वेशीची गोष्ट सांगितली, मग त्या मुक्या पोराची, आणि मग पोथीची. जिनाचा विषय त्या रात्री निघालाच नाही.

तेव्हा मंडळी, या हंगामात माल घेऊन जाल, तेव्हा काम आटोपल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका. पैसे नीट मोजून आतल्या खिशात ठेवा, हिशेबाची पावती तेथेच वाचून घ्या, आणि अर्धा दिवस गावासाठी काढा. जमल्यास घरच्या म्हाताऱ्या माणसालाही सोबत घ्या. त्यांना चालवत नसेल, तर एखादे कमी ठिकाण पाहिले तरी चालेल. पण पोहा वेस मात्र चुकवू नका.